जनाकाकीची गर्दी

गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारी टीव्हीवर जुना मराठी सिनेमा लागला होता. इंदूरला मुलाच्या घरी मराठी कानावर पडायचं म्हणजे एवढंच, म्हणून हातातलं टाकून बसले. बघते तर ‘मुकी नगरी’चा तिसरा भाग. शेवटचा. अखेरचा प्रसंग आला. वर सज्ज्यात अधिराज उभा, खाली माणसंच माणसं, त्यांच्या तोंडावरच्या पट्ट्या सुटलेल्या आणि सगळी हात वर करून ओरडताहेत, “अधिराजांचा विजय असो!” कॅमेरा फिरत फिरत एका बाईवर येऊन थांबतो. चाळिशीची बाई, कपाळ मोठं, पदर कमरेला खोचलेला, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, डोळ्यांतून धारा.

सून म्हणाली, “आई, बघा ना, राजावर किती माया आहे बिचारीची.”

मी उठून टीव्ही बंद केला. सुनेला वाटलं माझं डोकं दुखतंय. डोकं नव्हतं दुखत. संताप आला होता, आणि तो इतक्या वर्षांत जराही उतरलेला नाही हे बघून मलाच भीती वाटली.

त्या बाईची राजावर माया नव्हती. ती ‘विजय असो’ म्हणत नव्हती. ती काय म्हणत होती ते मला ठाऊक आहे, कारण मी तिच्या डाव्या अंगाला उभी होते. चित्रात माझा कोपर दिसतो. तिचं नाव जनाबाई परब. आम्ही सगळे तिला जनाकाकी म्हणायचो. माझी शाळा चौथीत सुटली. लिहायला बसले की आपलं काही चुकेल ह्या धास्तीने हात आखडतो. पण मी गप्प बसले तर तो सिनेमाच खरा ठरेल. म्हणून लिहिते.

लग्न होऊन मी चांद्याहून, म्हणजे आताच्या चंद्रपूरहून, मुंबईला आले ती काळाचौकीच्या चाळीत. आमच्या घरच्यांना, म्हणजे माझ्या यजमानांना, जंगलातल्या लाकडाची पारख, म्हणून ते रे रोडच्या वखारीत लागले होते. सकाळी जायचे ते दिवे लागल्यावर यायचे. मी दिवसभर खोलीत. नळावर जायचं म्हटलं तरी जिवावर यायचं. सगळ्या बाया कोकणातल्या, मोठ्याने बोलणाऱ्या, आणि मी तोंड उघडलं की हसायच्या. एकदा नळावर कळशी लावून मी उभ्या उभ्या रडत होते. मागून आवाज आला.

“काय गो, रडतंस कित्याक?”

“मले घरची आठवण येते.”

“मले! खंयची गो तू?”

“चांद्याची.”

“ता खंय इला?” तिने माझी कळशी नळाखालून काढून आपली लावली आणि मला नीट न्याहाळलं. म्हणजे बाजारात मासळी न्याहाळतात तसं. “चेहरो चांगलो हा. असं फुकट रडू नको. उद्या माझ्याबरोबर स्टुडिओत चल, तिथे रड. तिथे रडणाऱ्या बाया कमी पडतात.”

त्या दिवसापासून मी तिची ‘चांदा’ झाले. माझं खरं नाव तिने कधी विचारलं नाही.

काकी आधी गिरणीत वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळायला होती. तिथून बायांना कमी केलं तेव्हा तिलाही घरी बसवलं. ती घरी बसणारी नव्हती. परळच्या बाजूला एक सिनेमाचा स्टुडिओ होता, तिथे गर्दीच्या प्रसंगांना माणसं लागायची. बाजारातली गर्दी, देवळातली गर्दी, दंगलीतली गर्दी. ती माणसं काकी न्यायची. खालच्या अंगणात उभी राहून दोनदा टाळी वाजवायची आणि हाक मारायची, “चला, कोण कोण रिकामं आहे?” संपातले गिरणीवाले, रात्रपाळीचे, आमच्यासारख्या बाया, म्हातारे, सगळे निघायचे. स्टुडिओतले लोक आम्हाला ‘एक्स्ट्रा’ म्हणायचे. तो शब्द काकीला मुळीच खपायचा नाही. एकदा मेकअपवाला म्हणाला, “एक्स्ट्रा लोक तिकडे बसा.” काकी म्हणाली, “उरलंसुरलं असतं ते एक्स्ट्रा. आम्ही काय तुझ्या घरची शिळी भाकरी?” तो हसला. ती हसली नाही.

तिची एक रीत होती. शॉटच्या आधी ती प्रत्येकापाशी जाऊन कानात सांगायची तो कोण आहे ते. पहिल्या दिवशी मला म्हणाली, “तू कोण?”

मी म्हटलं, “गर्दी.”

“गर्दी काय तुझ्या बापाचं नाव? तू सुताराची बायको. नवरा कालपासून घरी आलेला नाय. त्याला शोधायला बाजारात आलीस. आता बघ सगळ्यांच्या तोंडाकडे.”

सिनेमात नायिका भाजी घेत होती आणि मागून आम्ही नुसतं जायचं होतं. पण मी नवऱ्याला शोधत गेले. माझ्या पुढचा म्हातारा मुलाच्या औषधाला निघाला होता, पलीकडच्या बाईचं शेजारणीशी भांडण झालेलं होतं. दिग्दर्शकसाहेब ओरडले, “कट! अरे, मागे काय चाललंय? बाजार आहे की कोर्ट?” काकी म्हणाली, “साहेब, बाजारात माणसं बिनकामाची फिरत नाहीत.” साहेबांनी कपाळाला हात लावला आणि दुसऱ्या वेळी तसंच घेतलं.

सिनेमा बघायला गेलो की ती पडद्याच्या मधोमध कधी बघायची नाही. नायक-नायिका गाणं म्हणत असायचे आणि ही बोट दाखवून मोठ्याने सांगायची, “ती बघ आमची सरू! तो बघ बाळा मेस्त्री, छत्री घेऊन!” पुढचे लोक “शूऽऽ” करायचे. तिला काही नसायचं. ती म्हणायची, “समोर पैसे देऊन आणलेली माणसं आहेत, मागे बघ. मागे आपली आहेत.”

ती देवीबिवी होती असं मला कोणाला वाटू द्यायचं नाही. तोंडाने फाटकी होती. मिश्री लावून कुठेही थुंकायची. आणि एक चूक तिने बरेच दिवस केली. डिलाईल रोडच्या चाळीतली, पुढे बौद्ध झालेली माणसं तिच्या गर्दीत यायची. त्यांना ती नेहमी मागच्या रांगेत उभी करायची. जेवणाच्या सुट्टीतही त्यांची पंगत आपोआप वेगळी पडायची. त्यांच्यात एक कांबळे नावाची बाई होती, उंच, सावळी, शांत. एके दिवशी शॉट लागलेला असताना ती पुढे येऊन म्हणाली, “परबबाई, तुमच्या गर्दीत पण आम्ही मागेच का?”

काकी चिडली. “उंच आहात म्हणून मागे.”

“माझा मुलगा कमरेएवढा आहे. तो पण मागेच आहे.”

काकीने कांबळेबाईकडे बघितलं, मग आमच्याकडे. माफीबिफी ती मागणारी नव्हती. दुसऱ्या दिवशी गर्दी उभी केली तेव्हा कांबळेबाई तिच्या शेजारी होती, आणि जेवायला बसताना काकीने आपला डबा तिच्यापुढे सरकवला. वर म्हणाली, “खा. आणि काल बोललीस तसं पुन्हा सगळ्यांसमोर बोललीस तर याद राख. कानात सांगायचं.” कांबळेबाई म्हणाली, “कानात सांगितलेलं तुम्हाला ऐकू येत नव्हतं.” दोघींची मैत्री भांडतच राहिली.

आता ‘मुकी नगरी’चं सांगायला हवं. गिरगावात राहणारे एक निवृत्त मास्तर होते, त्यांनी ह्या गोष्टीच्या तीन कादंबऱ्या लिहिल्या होत्या. स्वस्तातली पुस्तकं, पण चाळीचाळीतून फिरायची. पुढच्या काळातली एक नगरी. तिथल्या अधिराजाने हुकूम काढलेला की साध्या माणसांनी बोलायचं नाही. तोंडावर पट्टी बांधायची. घंटा वाजली की तेवढ्यापुरती पट्टी खाली करून त्याने शिकवलेलं वाक्य म्हणायचं, पुन्हा पट्टी वर. पहिल्या पुस्तकात नगरी मुकी होते. दुसऱ्यात एक विणकराची मुलगी चोरून बोलायला लागते आणि दुसऱ्यांना शिकवते. तिसऱ्यात सगळी नगरी सज्ज्याखाली जमते, पट्ट्या सोडते आणि एका तोंडाने अधिराजाला म्हणते, “खाली उतर!” आणि तो उतरतो. तिथे पुस्तक संपतं.

काकीला वाचता येत नव्हतं. ही पुस्तकं तिला तिच्या धाकट्या भावाने, विश्रामने वाचून दाखवली होती. तो गिरणीतच साचेखात्यात, मागांवर होता. लग्न व्हायचं होतं. तो कठड्याला टेकून वाचायचा आणि जिन्यात माणसं बसलेली असायची. तिसऱ्या पुस्तकाचं शेवटचं पान वाचलं तेव्हा त्याने ‘खाली उतर’ असं नुसतं वाचलं नाही, ओरडून म्हटलं. समोरच्या चाळीतून एकाने विचारलं, “कोण रे, कोणाला उतरवतोस?” विश्राम म्हणाला, “तुला नाय रे, तू बस!” सगळी चाळ हसली.

पुस्तकांवरून सिनेमे निघाले ते आमच्याच स्टुडिओत. पहिले दोन झाले, चालले. गर्दी दोन्हीत आमची. मग मुंबई कोणाची ह्यावरून रस्ते पेटले. गिरण्या बंद, सभा, मोर्चे, अश्रुधूर. आमच्या घरचे म्हणायचे, “आपण परमुलखातले, आपण खिडकी लावून बसायचं.” मी बसायचे. काकी आणि विश्राम जायचे. विश्राम एकदा गेला तो आला नाही. गोळी लागली. तो पुढे नव्हता, दगडही नव्हता हातात. दुकानाच्या फळीला पाठ लावून उभा होता, असं बरोबरच्यांनी सांगितलं.

काकी रडली नाही. तिला उठवून बसवलं, पाणी दिलं, बायांनी गळा काढला, ही कोरडी. आम्हाला भीती वाटली. कांबळेबाई रोज येऊन तिच्याजवळ नुसती बसायची. बरेच दिवस गेल्यावर काकी एका सकाळी अंगणात उभी राहिली, दोनदा टाळी वाजवली आणि म्हणाली, “चला. तिसरा भाग काढतायत.”

तिसऱ्या भागात गोळीबाराचा प्रसंग होता. अधिराजाचे शिपाई गर्दीवर बंदुका चालवतात. साहेबांनी सांगितलं, “आवाज झाला की पुढच्या रांगेने पडायचं. हात छातीवर, तोंड आभाळाकडे.” बार उडाले आणि आमची अख्खी गर्दी एका क्षणात पालथी. कोणी भिंतीच्या पायाशी, कोणी गाड्याखाली, बायांनी पोरं पोटाखाली घेतलेली, कोणी पदर ओला करून नाकाला लावलेला. मैदान साफ. उभं कोणी नाही आणि मेलेलंही कोणी नाही.

“कट! अरे, मरायचं होतं! कोणी मेलंच नाही!”

गाड्याखालून बाळा मेस्त्री म्हणाला, “साहेब, सवय झाली.”

आधी हसू फुटलं. मी पण हसले. मग सगळ्यांच्या लक्षात आलं आणि हसू तिथेच थांबलं. काकी उठली. तिच्या कपाळाला माती लागलेली. म्हणाली, “साहेब, खऱ्या गोळीने माणूस आभाळाकडे तोंड करून पडत नाय. कसा पडतो ते मी बघितलंय. दाखवू?” तो शॉट त्या दिवशी झाला नाही.

शेवटच्या प्रसंगाच्या दिवशी काकी प्रत्येकाच्या कानाशी गेली नाही. तिने सगळ्यांना एकदम सांगितलं, “आज कोणी सुताराची बायको नाय, कोणी भाजीवाला नाय. आज आपण आपणच. मी जनी. तुम्ही जे आहात ते.” वर लाकडी सज्ज्यात अधिराजाचं काम करणारा नट उभा राहिला, जरीचा झगा घालून. घंटा वाजली. आम्ही पट्ट्या सोडल्या.

“खाली उतर!”

मी माझ्या आयुष्यात तेवढ्या मोठ्याने कधी ओरडले नव्हते. खरं म्हणजे कधीच ओरडले नव्हते. माझ्या उजव्या बाजूला काकी होती. तिचा आवाज वेगळा निघाला, पोटातून, फाटलेला, आणि त्याच्याबरोबर तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. विश्राम गेल्यावर पहिल्यांदा. शब्द दोनच, पण ती ते म्हणत राहिली, साहेबांनी ‘कट’ म्हटलं तरी म्हणत राहिली. “खाली उतर, मेल्या! खाली उतर!” तो नट वर गोंधळून उभा. कॅमेरा चालूच होता. शेवटी कांबळेबाईने तिला मिठीत धरलं. दिव्यावरचे लोक सुद्धा डोळे पुसत होते. साहेब खुर्चीवरून उठून आले आणि काकीला हात जोडून म्हणाले, “बाई, सिनेमा झाला.”

परतताना ती हलकी दिसत होती. वाटेत भेळ खाल्ली. म्हणाली, “चांदा, विश्रामला आता सगळ्या महाराष्ट्राने ऐकलं बघ.”

सिनेमा लालबागच्या थेटरात लागला त्या दिवशी आमची अर्धी चाळ गेली. काकीने नवी साडी नेसली होती. शेवट आला. घंटा वाजली, पट्ट्या सुटल्या, तोंडं उघडली आणि बाजा वाजायला लागला. मोठ्ठा बाजा, सनई-चौघडा. त्यात पाच-दहा माणसांचा गुळगुळीत आवाज, “अधिराजांचा विजय असो!” सज्ज्यातल्या अधिराजाने हात वर केला. त्याने पश्चात्ताप केला होता म्हणे, प्रजेला माफ केलं होतं म्हणे. आणि मग काकीचा चेहरा, पडदाभर. रडत, तोंड उघडत-मिटत, आवाज नाही. तिच्या ओठांवर दुसऱ्याचं ‘विजय असो’ चिकटवलेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

माझ्या शेजारी काकी बसली होती. ती पहिल्यांदाच पडद्याच्या मधोमध बघत होती, कारण मधोमध तीच होती. मला तिच्याकडे बघवेना.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, “मी ता नाय म्हटलंय.” मग पुन्हा, जणू आम्ही तिच्यावर आळ घेतला होता, “माझं तोंड बघितलंत ना? मी ता म्हटलंच नाय.”

दुसऱ्या दिवशी ती स्टुडिओत गेली. मी बरोबर होते, घरच्यांना न सांगता. साहेब भेटलेच नाहीत. मालक भेटले. पंख्याखाली बसलेले, गोरेपान, हसतमुख. म्हणाले, “जनाबाई, दिवस बघा कसले आहेत. तसा शेवट ठेवला असता तर वरून अडवला असता.”

“कोणी अडवलान?”

“अजून कोणी नाही. पण अडवला असता.”

म्हणजे कोणी काही म्हटलंच नव्हतं. बाहेर माणसं गोळ्या झेलत होती आणि ह्या माणसाने कोणी सांगायच्या आधीच कमरेत वाकून ठेवलं होतं. काकी म्हणाली, “माझा भाऊ मेलाय त्या शब्दासाठी.” मालक म्हणाले, “मला वाईट वाटतं हो. पण तुमचा चेहरा बघा किती छान आलाय! लोक विचारतात, ही बाई कोण?” हे त्यांनी कौतुकाने सांगितलं. मला आजही तो हसरा चेहरा आठवला की हाताच्या मुठी वळतात.

तिथून आम्ही गिरगावात मास्तरांकडे गेलो. पांढरं धोतर, भिंतीला पुस्तकं, खुर्चीत वाकून बसलेले. त्यांनी सगळं ऐकलं. म्हणाले, “बाई, मी त्यांना हक्क लिहून दिलेत. आता मी काय बोलणार?”

“तुम्ही ‘खाली उतर’ असं लिवलंत की नाय?”

“लिहिलं. पुस्तकात आहे ते. पुस्तकातून कोणी काढणार नाही.”

“माझ्या भावाने ता वाचलान, मास्तर. वाचलान आणि तो रस्त्यावर गेलो. तुम्ही पुस्तकात ठेवून बसा.”

मास्तरांनी मान फिरवून भिंतीवरच्या पुस्तकांकडे बघितलं. त्यांच्या पत्नीने आतून चहा आणला. काकी म्हणाली, “चहा नको,” आणि उठली. मला मास्तरांची दया आली होती. जिना उतरताना तसं म्हटलं तर काकी पायरीवर थांबली. “दया त्याच्यावर कर ज्याने तोंड उघडलं. तोंड असून गप्प बसतो त्याला चहा कर.”

त्या आठवड्यात काकीने अंगणात पुन्हा दोनदा टाळी वाजवली. “कोण कोण रिकामं आहे? थेटरात जायचंय.” कोणीतरी म्हणालं, “काकी, पुन्हा कशाला तो सिनेमा?” ती म्हणाली, “तिथे आपली तोंडं हलतायत. आवाज आपण द्यायचा.”

खालच्या वर्गाच्या बाकांवर आम्ही बसलो. घरी कळलं तर, पोलीस आले तर, हेच माझ्या डोक्यात. घंटा वाजली, पडद्यावरच्या पट्ट्या सुटल्या, बाजा सुरू व्हायच्या आत कांबळेबाई उठून उभी राहिली आणि ओरडली. मग काकी. मग बाळा मेस्त्री, सरू, सगळे. “खाली उतर! खाली उतर!” पडद्यावर काकीचं तोंड हलत होतं आणि खाली काकी उभी राहून त्याच तोंडात आपला आवाज घालत होती. जुळत होता. अक्षर न अक्षर जुळत होतं. बाजा ऐकू येईना. दुसरे प्रेक्षक आधी बावरले. मग कोणालातरी कळलं, त्याने आरोळी दिली, आणि बघता बघता अख्खं थेटर उभं. अधिराज हात वर करून उभा आणि खालून हजार गळ्यांतून “खाली उतर!” मागून कोणी म्हणालं, “मुंबई आमची!” आणि मग काय, छप्पर उडायचं बाकी राहिलं.

मी पण ओरडले. भीत भीत नाही.

चार-पाच खेळ असे झाले. मग दारावर काठ्या घेऊन माणसं उभी राहिली. काकीला, कांबळेबाईला आत सोडेनात. बाळा मेस्त्रीला मारलं. सिनेमा लालबागमधून काढून दुसरीकडे लावला. दुसरीकडे म्हणजे नागपूर, कोल्हापूर, सोलापूर, माझं चांदा. तिथे कोणीच नव्हतं आवाज द्यायला. तिथे लोकांनी बघितलं ते सुनेने बघितलं तसंच. आणि स्टुडिओने काकीची माणसं घेणं बंद केलं. गर्दी दुसरीकडून यायला लागली. नव्या गर्दीतली माणसं बाजारात बिनकामाची फिरत.

मग राज्य झालं. शिवाजी पार्कला दिवे, फेटे, मिठाई. आम्ही सगळे गेलो. काकी पण आली, नाचली सुद्धा. पण त्याच महिन्यात मालकांनी ‘मुकी नगरी’चा शेवटचा भाग पुन्हा काढला. नवीन जाहिरात: ‘जनतेचा राजा, राजाची जनता!’ आणि थेटरावर दोन मजली रंगवलेला काकीचा चेहरा, डोळ्यांत पाणी, हात वर. ज्यांनी त्या वेळी शेपूट घातलं तेच आता गुलाल उधळत होते, आणि उधळायला चेहरा आमचा.

आमचं तेव्हा मुंबईतून उठायचं ठरलं होतं. घरच्यांना इंदूरला एका लाकडाच्या कारखान्यात काम मिळालं होतं. निघायच्या दिवशी दुपारी मी काकीच्या दाराशी गेले तर कुलूप. शेजारीण म्हणाली, थेटरावर गेली आहे. घरच्यांनी टांगा आणला होता. मी हट्ट करून तो लालबागवरून न्यायला लावला.

काकी थेटराच्या फुटपाथवर होती, आपल्याच दोन मजली चेहऱ्याखाली. आत तिला सोडत नव्हते. म्हणून ती तिकिटाच्या रांगेतून एकेकाचं मनगट धरत चालली होती. “ताई, शेवटी एक रडणारी बाई येते. ती मी. मी तिथे ‘खाली उतर’ म्हणतेय. कानावर विश्वास ठेवू नको, तोंडाकडे बघ.” पुढचा. “दादा, शेवटी एक रडणारी बाई येते...” काही जण हात सोडवून घेत. एकाने विचारलं, “वेडी आहे काय?” ती त्याचाही हात धरूनच होती. “वेडी तर वेडी. तोंडाकडे बघ.”

मी टांग्यातून उतरून जवळ गेले. वाकून नमस्कार केला. म्हटलं, “काकी, मी निघाले. तुम्ही नसतात तर मी त्या नळावरच मेले असते.” मला पुष्कळ बोलायचं होतं.

तिने माझ्या गालाला हात लावला, घाईत. “जा गो, गाडी चुकेल. ही माणसं आत चालली, ह्यांना सांगूक व्हया.”

मी टांग्यात बसले, पण टांगा वळेना, रस्त्यात गर्दी होती. रांग तिकिटं घेऊन आत आवारात गेली. फाटक लागलं. काकी घरी वळली नाही. ती थेटराच्या बाजूच्या गल्लीत गेली. उकाड्यामुळे तिथलं एक दार उघडं होतं, नुसता पडदा लावलेला. आतून आवाज येत होता. आधीचा खेळ संपत आलेला असावा. ती दाराशी कान देऊन उभी राहिली. सनई-चौघडा सुरू झाला. काकीने पदर खोचला आणि त्या पडद्याला तोंड लावून ओरडली,

“खाली उतर!”

आतून मोठा हशा आला. दारावरचा माणूस काठी घेऊन तिच्याकडे धावला. टांगा हलला. काकीने मान वळवली, मी बघतेय हे तिला दिसलं, आणि ती मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली,

“हसले ना? म्हणजे ऐकलं.”

आणि ती पुन्हा दाराकडे वळली.